शेवटची पानं नसलेली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि माझा शेवट मलाच ठाऊक नाही. हसू नका!

छापखान्यातून वाचनालयात आले तेव्हा कोरी करकरीत होते. लोक माझ्यासाठी नंबर लावायचे. पुढे कुणीतरी मला उन्हात उघडंच टाकलं. शिवण उसवली, शेवटची पानं गळून गेली. बाइंडरने जाड पुठ्ठा चढवला खरा, पण गेलेली पानं तो बिचारा कुठून आणणार? माझ्यातली थोरली बहीण भांडणानंतर धाकटीच्या दाराशी येते, कडी वाजवायला हात उचलते, आणि पुढे नुसता पुठ्ठा! वाचक चरफडायचे. मग मला कुणी नेईचना. कपाटाच्या तळाशी मी त्या पानांसाठी झुरत पडले.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी वाचनगट जमतो. तिथला शिरस्ता असा, की पुस्तक ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप. एकदा घड्याळं दुरुस्त करणारे काका मला तिथे घेऊन गेले. शेवट नाही, तर आपणच ठरवू, म्हणाले.

"ती कडी वाजवते, धाकटी रडत गळ्यात पडते. झालं!" काकांनी निकाल लावून टाकला.

शिवणकाम करणाऱ्या मावशी एरवी अवाक्षर न काढणाऱ्या. त्यांनी मला काकांच्या हातातून हिसकावूनच घेतलं.

"काही वाजवत नाही ती. तशीच माघारी जाते."

"अहो, पण तुम्हाला कसं..."

"पुस्तक माझ्याकडे आहे," मावशी म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "माझ्या ताईचं असंच झालं, दाराच्या आत मी उभी होते. आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून ताईला नको नको ते बोलले होते. फटीतून तिच्या चपला दिसत होत्या. म्हटलं, वाजवू दे, मग उघडीन. तोरा केवढा माझा! चपला निघून गेल्या. पलीकडच्याच गल्लीत राहते ती, पण इतक्या वर्षांत बोलणं नाही."

मावशींनी मला घट्ट धरून ठेवलं होतं, त्यामुळे कुणाला बोलायची सोयच नव्हती. शेवटी काकांनीच शिरस्ता मोडला.

"मग जा की तिच्याकडे."

"काय सांगून जाऊ?"

"पुस्तक द्यायला आले म्हणून सांगा."

त्याच संध्याकाळी मावशींनी ताईंची कडी वाजवली. मी त्यांच्या पिशवीत होते.

"कोण?"

"मी. पुस्तक आणलंय."

आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मग दार उघडलं.

"मला कुठे दिसतंय आता वाचायला? ये, तूच वाच."

मावशी रोज येऊन वाचू लागल्या. भांडणाचं पान आलं तेव्हा मावशींनी ते भराभर वाचून टाकलं आणि ताईंनी तोंड फिरवलं. एके दिवशी गोष्टीतल्या थोरलीने कडी वाजवायला हात उचलला आणि मावशी थांबल्या.

"पुढची पानं गळलीत, ताई."

ताईंनी माझ्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मी वाजवणारच होते गं. तेवढ्यात तू आत खोकलीस. वाटलं, ही दाराशीच आहे आणि उघडत नाही."

मावशींना रडू आवरेना. ताई हाताने चाचपत त्यांचा खांदा शोधत राहिल्या.

मित्रांनो, पुस्तकं जपून हाताळा, उसवली तर वेळीच शिवून घ्या. आणि कुणाशी बिनसलं असेल, तर त्याने आधी यावं म्हणून अडून बसू नका. या दोघी आता रोज भेटतात, पोटभर बोलतात. पण मधली वर्षं गेली ती गेलीच.