छातीतली फुसफुस

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. समोर निळ्या सोफ्यावर माझा दादा उघड्या अंगानं बसला होता आणि आवाजानं रोग बरे करणाऱ्या नादबाबांनी त्याच्या छातीवर माइक धरला होता. भोंग्यातून आवाज आला, "ढब्-फुस्स्... ढब्-फुस्स्..." अख्ख्या हॉलनं श्वास रोखला.

"ऐकलंत?" बाबा म्हणाले. "वैश्विक लहरींशी सूर जमत नाही, म्हणून बिचारं हृदय फुसफुसतंय. डॉक्टर काय करतात? कापतात! अरे, सूर बिघडला म्हणून कुणी पेटी फोडतं का?"

टाळ्या पडल्या. बाबांनी पितळेची वाटी तीनदा वाजवली, डोळे मिटले आणि पुन्हा माइक टेकवला. "लब्-डब्, लब्-डब्." फुसफुस गायब! माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर डोळेच पुसले.

दादा नळदुरुस्ती करतो, मी त्याच्या हाताखाली. गेले काही महिने जिना चढताना त्याला धाप लागत होती, दोनदा चक्कर येऊन पडला. तपासणीत निघालं की हृदयातून शरीरभर रक्त जातं त्या तोंडाशी असलेली झडप अरुंद झाली आहे; ऑपरेशन करून व्हॉल्व्ह बदलायचा. गुरुवार ठरला. लोकांचे शेकड्यानं व्हॉल्व्ह बदलणारा माणूस, पण स्वतःची पाळी आली तसं तोंडचं पाणी पळालं. आणि तो बाबांच्या सोफ्यावर येऊन बसला.

आमच्या धंद्याची एक खोड आहे. भिंतीतली गळती शोधायला आम्ही लोखंडी सळई पाइपला टेकवतो आणि दुसरं टोक कानाला लावतो. फुसफुस आली तर गळती. थांबली की हत्यारं गोळा करून घरी.

"आवाज थांबला, काम झालं," दादा सोफ्यावरूनच मला खुशीत म्हणाला. "हॉस्पिटलला फोन कर, गुरुवारी येत नाही म्हणावं." मी मान डोलावली. हो, मीसुद्धा! एवढी अक्कल पाजळतोय, पण तेव्हा मीही नंदीबैलच होतो.

वहिनी शाळेत कवायत शिकवते. मुलं धावून आली की मनगट धरून ठोके मोजायचे, ही तिची जुनी सवय. माइक अजून छातीवरच होता आणि सोफ्याशेजारी उभं राहून तिनं दादाचं मनगट धरलं होतं.

"बाबा, जरा थांबा. भोंग्यात ठोके सत्तरच्या चालीनं पडताहेत, आणि इथं हातात शंभरच्या. यांना दोन हृदयं आहेत का?"

"ताई, नाडी स्थूल असते. नाद सूक्ष्म."

"असेल. द्या बघू तो माइक." बाबा नको-नको म्हणेपर्यंत तिनं तो काढून सोफ्याच्या हातावर ठेवला.

"लब्-डब्, लब्-डब्."

मग मागून एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, सोफ्याची तब्येत ठणठणीत आहे की!"

हसून हसून लोकांची पोटं दुखली. वहिनीनं बाबांच्या पायाखालचा गालिचा उचलला. खाली बटण होतं. पहिल्यांदा आवाज खरोखर छातीतला यायचा; मग बटण दाबलं की माइक बंद, आणि कुणा धडधाकट माणसाच्या ठोक्यांचं रेकॉर्डिंग सुरू. "चैतन्य सोफ्यातही असतं," असं काहीतरी बाबा म्हणत होते, पण ऐकायला थांबतो कोण?

दादा मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "त्याचं खोटं असू दे. पण फुसफुस आपोआप कमी झाली, तर?"

"तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या. "पाइप गळतोय, तुम्ही हातही लावला नाही, आणि आवाज थांबला. काय झालं असेल?"

"मागून पाण्याचा जोरच गेला असेल."

"तसंच. हृदय थकलं की रक्ताचा जोर ओसरतो आणि आवाज मऊ होतो. अशा वेळी तर जास्तच घाई करायची." त्यांनी पडद्यावर धडधडती झडप दाखवली. तिच्या पाकळ्या ताठ झाल्या होत्या, जेमतेम फटीएवढ्या उघडत होत्या. "यावर क्षार चढलेत. गोळ्यांनी त्रास थोडा कमी होईल, झडप उघडणार नाही. काहींची मांडीतल्या रक्तवाहिनीतून बदलता येते, तुमची छाती उघडूनच बदलावी लागेल. धोका आहे, लपवत नाही. पण न करण्यात तो कितीतरी जास्त आहे."

बाहेर आल्यावर दादा बाकावर टेकला. मग म्हणाला, "मला कळत होतं रे. बाबाच्या हॉलचा जिना चढतानाही धाप लागली होती. पण छाती उघडणार म्हटल्यावर रात्र रात्र झोप येत नाही. कुणीतरी खोटं सांगावं, असंच वाटत होतं." मला त्याची फार दया आली, आणि मान डोलावल्याची लाजही वाटली.

गुरुवारी तो गेला. ऑपरेशनच्या खोलीपर्यंत माझा हात त्यानं असा आवळला की बोटं सुजली. आता तीन महिन्यांनी हत्यारांची पिशवी घेऊन तो चार मजले चढतो, आणि मागून धापा मी टाकतो.

भोंदूंना तुमच्या-आमच्या छातीतलं काही दिसत नाही, भीती मात्र लांबून दिसते. म्हणून सांगतो, चढताना दम लागला, छातीत दुखलं, चक्कर आली, तर तपासून घ्या. भीती वाटली तर खुशाल घाबरा, त्यात लाज कसली? घाबरत घाबरत का होईना, पण डॉक्टरकडे जा.