दोन तांबड्यांचं हिरवं रोप

मी मंगरूळपीरच्या एका परसातला हिरवा एरंड बोलतोय. दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवर शफीक मास्तरांचं घर आहे. त्यांच्या न्हाणीच्या पाण्यावर मी वाढलो. मला कुणी लावलं नाही. उकिरड्यात बी पडलं आणि मी उगवलो.

शेजारी तांबडा एरंड होता. त्याचं बी मात्र मास्तरांनी रिसोडच्या बाजारातून आणून, आळं करून लावलं होतं. त्याचं खोड तांबडं, देठ तांबडे, कोवळी पानं तर अशी चमकायची की येणारा-जाणारा म्हणायचा, "मास्तर, झाड मोठं खुबसूरत हाय." मी त्याच्याहून उंच होतो, बोंडंही मलाच जास्त लागायची. पण माझ्याबद्दल कुणी अक्षर काढत नसे. मी मनातल्या मनात जळायचो.

मास्तर उर्दू शाळेत शिकवत. एका सुट्टीत ते अकोल्याच्या सरकारी शेतावर राहून आले, आणि झाडाचा कोणता गुण पुढच्या पिढीत उतरतो याचं त्यांना वेडच लागलं. त्यांनी माझ्या घोसातली नरफुलं खुडली, उरलेल्या फुलांवर तांबड्याचा पराग झटकला आणि वरून मलमलची पिशवी बांधली. मला वाटलं, आता तरी माझं नाव निघेल.

बी माझ्या अंगावर पिकलं. रॉकेलचे डबे आडवे कापून मास्तरांनी ते पेरलं. रोपं वर आली ती एकूण एक तांबडी. पोसलं मी आणि रंग त्याचा! त्यानंतर त्या झाडाची सावली अंगावर पडली तरी मला सोसवेना.

त्याच साली मास्तरांची बायको अन्वरी बाळंत झाली. मुलगी झाली, फरहत. ती वर्षाची झाली तरी तिचे डोळे घारेच राहिले. मास्तरांचे डोळे काळे, अन्वरीचेही काळे. एकदा परसात भांडी घासताना मास्तरांची आई हुस्नाबानो शेजारणीला म्हणाली, "आमच्यात असे डोळे कोनाचेच नाहीत. पोरीनं कुठून आनले ते तिची मायच जाने."

अन्वरीनं दाराआडून ऐकलं. मास्तरांनीही ऐकलं.

तेव्हापासून ते मुलीला उचलून घेईनासे झाले. शाळेतून आले की सरळ डब्यांपाशी. तांबड्या रोपांतली दोन त्यांनी मोठी केली, एकाचा पराग दुसऱ्याला दिला, पुन्हा पिशवी बांधली. अन्वरी माझ्या बुंध्याला टेकून बघत बसायची. तिच्या मुलीच्या वाटची माया त्या डब्यांना मिळत होती. असं जळणं माझ्या ओळखीचं होतं.

शेवटी एक दिवस मास्तर म्हणाले, "तू मेडशीले जाऊन राह्य, माहेरी."

"किती दिवस?"

मास्तर डब्यांतली माती उकरू लागले.

निघायच्या सकाळी बैलगाडी दाराशी उभी होती. अन्वरी वाळत घातलेली दुपटी काढायला परसात आली. मास्तर डब्यांवर वाकले होते. दोन तांबड्यांचं बी उगवलं होतं. बरीच रोपं तांबडी होती, पण मधूनमधून काही देठापासून हिरवीगार. हुबेहूब माझ्यासारखी.

"हे हिरवे कायचे?" अन्वरीनं विचारलं.

"त्याच दोघांचे."

"पन ते दोघंबी तांबडे व्हते नं. बाहेरचं काही मिसळलं असंन."

मास्तर चिडले. "काहीतरीच बोलून राह्यली तू. पिशवी मी सोता बांधली व्हती. बाहेरचा एक कन आत गेला नाही. हा रंग त्याहिच्या आत दडून व्हता, आज्याचा. आता वर आला."

अन्वरी दुपटं हातात धरून उभी राहिली.

"मंग मले मेडशीले कायले धाडून राह्यले तुमी?"

मास्तरांचं तोंड उतरलं. ते उठले आणि आईपुढे जाऊन उभे राहिले. "अम्मी, आपल्यात घारे डोळे कोनाचे व्हते?"

"कोनाचेच नाही."

त्यांनी पुन्हा विचारलं. हुस्नाबानोनं पदर सारखा केला. "माह्या मायचे व्हते," ती म्हणाली. "लोक तिले मांजरी म्हनून चिडवत. म्हनून मी कंदी सांगतलं नाही."

"असा रंग दोन्हीकडून यावा लागते. अन्वरीच्या माहेरीबी कोनीतरी असंन," मास्तर पुटपुटले.

गाडी रिकामी परत गेली. मास्तरांनी फरहतला उचललं, तर परक्यानं घेतल्यासारखी ती रडली. अन्वरी बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलली.

पुढे तांबडा एरंड कीड लागून वाळला. मला बरं वाटायला हवं होतं. पण त्या हिरव्या रोपांतलं एक अन्वरीनं विहिरीपाशी लावलं आहे. रोज स्वतः पाणी घालते, फरहत त्याच्याशी गप्पा मारते, आणि मास्तर पाहुण्यांना हाताला धरून तिकडे नेतात. रंग माझा आणि कौतुक त्याचं. आता मी माझ्याच नातवावर जळतोय.

माझं खोड पोकळ झालं आहे. हुस्नाबानो म्हणते, तोडून चुलीत घाला. घाला. पण तोवर एक ऐका. फरहतचं पोट दुखलं की अन्वरी एरंडाचं पान गरम करून बांधते. ते पान विहिरीपाशी तोडायला जाऊ नका, माझं न्या. त्याची पानं अजून लहान आहेत, असं कारण मी सांगतो. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल.