खोका धाकट्याचा, चाकू थोरल्याचा

मी खोका बोलतोय. तुम्ही काचेतून चाकूकडे बघताय हे मला दिसतंय, पण त्याला धार आहे, तोंड नाही. त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडे आलं.

मी जाड पुठ्ठ्याचा आहे. वरून निळा कागद, आत करड्या मखमलीचं अस्तर आणि त्यात मिटलेल्या चाकूच्या आकाराची खाच. चाकू भट्टीतून, सहाणेवरून, पाच-सहा जणांच्या हातून फिरत तयार झाला. मला एका बाईने बसल्या जागी खळ लावून चिकटवलं, तेही शेजारणीला आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगता सांगता. माझा डावा कोपरा जरा तिरका आहे, तो त्या सुनेमुळे.

खोक्याच्या जातीला फार आयुष्य नसतं. दुकानातून घरापर्यंत आमचा थाट. घरी पोचलं की वस्तू कपाटात आणि आम्ही केराच्या टोपलीत. पण मला विकत घेणारा माणूस वेगळ्याच मातीचा होता. तो एका रोपवाटिकेत गुलाबाची कलमं करायचा. घरात त्याला सगळे बाबा म्हणत. बाबांनी जन्मात एकही खोका फेकला नव्हता. घड्याळाचा, इस्त्रीचा, कंदिलाचा, सगळे खोके माळ्यावर ओळीने बसलेले. बायको म्हणायची, "एक दिवस आपण बाहेर राहू आणि घरात खोके राहतील." त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "वस्तू विकायची वेळ येऊ नये. पण आलीच, तर खोका असला की तिला मान मिळतो."

मी मात्र माळ्यावर गेलो नाही, कारण चाकू रोज लागायचा. सकाळी तो बाबांच्या खिशातून जायचा. रानटी गुलाबाच्या खुंटाच्या सालीला छोटा काप द्यायचा, चाकूच्या मागच्या पितळी जिभेने साल अलगद उचलायची, आत चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची, हे त्यांचं काम. संध्याकाळी ते चाकू पुसत, बिजागरीला तेलाचा थेंब देत आणि मला उघडून खाचेत ठेवत. झाकण लागताना टक् असा आवाज व्हायचा. दिवसभरात तो कुठे कुठे हिंडला, ते मला त्याच्या अंगाच्या वासावरून कळायचं. माझे तेवढेच सुखाचे दिवस. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे शोधत बसू नका.

बाबांना दोन मुलगे. थोरला त्यांच्याबरोबर रोपवाटिकेत जाऊन कलमाचे डोळे भरायला शिकला. धाकटा शिलाई मशीन दुरुस्त करायच्या दुकानात लागला. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा औषधपाण्यासाठी थोरल्याने दुप्पट काम ओढलं, आणि धाकट्याने उशाशी बसून त्यांचं सगळं केलं. एकाची पाठ मोडली, एकाची झोप मोडली. दोघांनी जीव लावून केलं, पण ज्याला त्याला आपलंच केलेलं दिसलं. आजाऱ्याच्या घरात असं होतंच, पण बाबा गेल्यावरही ते दोघांच्या मनातून गेलं नाही.

वाटणीला मामाला बोलावलं. मामा समजूतदार माणूस. भांडी, पलंग, घड्याळ, सगळं त्याने हसतखेळत वाटलं. शेवटी चाकू उरला आणि घोडं तिथे पेंड खाऊ लागलं. थोरला म्हणाला, मी बाबांचं काम करतो, चाकू माझा. धाकटा म्हणाला, शेवटपर्यंत मी त्यांच्याजवळ होतो, चाकू माझा. शब्दाने शब्द वाढला. कोणी कोणासाठी काय केलं याच्या जुन्या जुन्या गोष्टी निघाल्या, आणि मी मध्ये जमिनीवर उघडा पडलेला.

मामा कंटाळला. "मग एक करा," तो म्हणाला. "चाकू थोरल्याला, खोका धाकट्याला. झालं समाधान?"

ही थट्टा होती. दोघांनी शरमून हसावं आणि एकाने सोडून द्यावं, एवढाच त्याचा हेतू. पण थोरला म्हणाला, "चालेल." आणि धाकटा म्हणाला, "मलाही चालेल."

मामा एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. "अरे, मी थट्टा केली रे," असं तो म्हणालासुद्धा. पण तोवर थोरल्याने चाकू उचलून रुमालात गुंडाळला होता, आणि धाकट्याने माझं झाकण लावलं होतं. टक् झालं, पण आत कोणी नव्हतं.

धाकट्याने मला का घेतलं ते सरळ आहे. बिनखोक्याच्या चाकूला मान नाही, हे बाबांचं बोलणं त्याला पाठ होतं. थोरल्याच्या हातात वस्तू गेली तरी तिचा मान आपल्या कपाटात राहील, असा हिशेब. बाबांनी खोके जपायला शिकवलं ते ह्यासाठी नव्हतं.

पुढची वर्षं काय सांगू? धाकट्याच्या बायकोने माझ्यात बटणं ठेवली, मशीनच्या बॉबिन ठेवून पाहिल्या, मुलीने केसांच्या पिना ठेवल्या. खाच चाकूची, तिच्यात दुसरं काही नीट बसेना. शेवटी मला तसाच रिकामा कपाटात सारून दिलं. भावाभावांचं बोलणं आधी कमी झालं, मग कामापुरतं उरलं, मग कामही उरलं नाही. भांड्याला भांडं लागतं म्हणतात, पण लागायलाही भांडी एका मांडणीवर असावी लागतात.

एक दिवस धाकट्याच्या मुलीने मोबाइलवर पाहिलं की चाकू आणि मी जिथे बनलो तो कारखाना कधीच बंद पडलाय आणि तिथले खिशातले चाकू हौशी लोक शोधत फिरतात. तिने बापाला वाचून दाखवलं, की नुसत्या चाकूला एक भाव आणि मूळ खोक्यासकट तिप्पट. दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून तो ह्याच दुकानात आला, जुन्या वस्तू विकणाऱ्याच्या.

दुकानदाराने मला उलटसुलट पाहिलं, तिरक्या कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, एकाकडे असा चाकू बिनखोक्याचा पडलाय, तो नुसत्या खोक्याचेही चांगले पैसे देईल. धाकट्याने मला त्याच्या हातून काढूनच घेतलं. "हा बिनचाकूचा विकायचा नाही," तो म्हणाला.

हे तुम्ही लक्षात ठेवा. मी त्याच्या हातात होतो, मला ठाऊक आहे. त्याला पैसे हवे असते तर ते तिथेच मिळत होते. त्याला भावाकडे जायचं होतं, आणि इतक्या वर्षांनी रिकाम्या हाताने कसं जायचं ते कळत नव्हतं. तिप्पट भाव हे निमित्त सापडलं. माणसं मनातली गोष्ट कधी उघडी नेत नाहीत, कशात तरी गुंडाळूनच नेतात. मी खोका आहे, मला हे कोणी शिकवायला नको.

त्या रविवारी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, वाटेत संत्री घेतली. थोरल्याच्या जिन्यात थांबून तो हळूच म्हणून पाहत होता, "दादा, बरा आहेस ना? दादा, कसं चाललंय?" पिशवीत मी ऐकत होतो. माझीही छाती धडधडत होती, पुठ्ठ्याची असली म्हणून काय झालं.

दार वहिनीने उघडलं. "भावजी, तुम्ही?" एवढंच म्हणाली आणि घाईने चहा टाकायला आत गेली, डोळे तिथे पुसले असावेत. थोरला बाहेर आला. केस पांढरे झालेले, बोटांवर काट्यांचे जुने ओरखडे. दोघे गुडघेदुखीबद्दल बोलले, विजेच्या बिलाबद्दल बोलले, मग तेही विषय संपले. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा धाकटा पिशवी मांडीवर धरून बसला होता. शेवटी त्याने मला काढून टेबलावर ठेवलं.

थोरल्याने मला ओळखलं. हात पँटीला पुसले, आत गेला आणि रुमालात गुंडाळलेला चाकू घेऊन आला.

मी त्याला पाहिलं आणि मला गलबलून आलं. धार लावून लावून पातं निम्मं झिजलं होतं. मूठ कधीतरी तडकली होती, तिला थोरल्याने तारेचे वेढे दिले होते आणि वरून कलमाला बांधतात तशी पट्टी गुंडाळली होती. त्याने चाकू खाचेत ठेवला. बांधलेली मूठ आत बसेना, झाकण बोटभर वर राहिलं. थोरल्याने वरून हलकेच तळवा ठेवला आणि तसाच धरून ठेवला.

"जागेवर आला," तो म्हणाला. "बाबांची वस्तू पुरी झाली."

धाकट्याने त्या वेळी गप्प बसायला हवं होतं. चहा येऊ द्यायचा, संत्रं सोलायचं, बास. पण घरून घोकून आणलेलं वाक्य त्याच्या तोंडातून निसटलं. "पुरी असली की तिप्पट भाव येतो, दादा. मी चौकशी केलीय. निम्मं निम्मं करू."

थोरल्याने माझ्यावरचा हात काढला. झाकण वर आलं.

"खोका बघून मला वाटलं, तू आलास," तो म्हणाला.

"आलोय की."

"नाही. तू सौदा घेऊन आलास."

मला ओरडून सांगायचं होतं, अरे, तो सौदा नाही, ते वरचं वेष्टन आहे, ते फाड! पण वेष्टनाचं कोण ऐकतो? धाकट्याचं तोंड एवढंएवढंसं झालं. मग तो अपमानाने ताठ झाला. "राहू दे मग. चाकूही तुझा आणि खोकाही तुझा. मला काही नको."

"मला तुझा खोका नको. ने तो."

"मी नेणार नाही."

ज्या वस्तूसाठी दोघे भांडले होते, तीच आता दोघांना नको होती, आणि हट्ट मात्र तसूभर कमी झाला नव्हता. वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभी राहिली. "अहो, कोणीतरी घ्या हो," ती म्हणाली, ते चहाबद्दल की माझ्याबद्दल कोण जाणे. धाकटा जिना उतरून गेला. संत्री टेबलावर राहिली आणि चहावर साय धरली.

त्यानंतर थोरल्याने आम्हाला हात लावला नाही. कामासाठी प्लास्टिकच्या मुठीचा नवा चाकू आणला. आम्ही फळीवर तसेच अर्धवट उघडे पडून. रोज संध्याकाळी घरी आला की तो फळीकडे पाठ करून बसायचा. वहिनीला ते बघवेना. एक दिवस तिने आम्हाला पदराखाली घेतलं, "ना तुला ना मला, घाल कुत्र्याला," असं पुटपुटली आणि ह्या दुकानात आणून दिलं. आलेले पैसे तिने डाळीच्या डब्यात ठेवले असणार. ते अजून तिथेच असतील.

दुकानदार कसबी आहे. त्याने पट्टी कापून काढली, तार उलगडली, मुठीची चीर डिंकाने बुजवली, पॉलिश मारलं. मग चाकू माझ्या खाचेत ठेवला आणि झाकण लावलं. टक् झालं. ह्या आवाजासाठी मी इतकी वर्षं कपाटात काढली होती. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

मागच्या आठवड्यात धाकटा आला होता. काचेबाहेर बराच वेळ उभा राहिला, मग आत आला. दुकानदाराने त्याला ओळखलं. "बघा, शेवटी चाकू मिळाला," तो कौतुकाने म्हणाला. "अगदी खोक्यासकट."

"कोणी आणून दिला?"

"एक बाई आल्या होत्या. घरातलाच आहे म्हणाल्या."

धाकट्याने मान हलवली. माझ्या तिरक्या कोपऱ्यावर त्याने एकदा बोट फिरवलं, अगदी हळू. "म्हणजे विकलाच शेवटी दादाने," तो म्हणाला. "आणि म्हणे सौदा घेऊन मी आलो होतो." एवढं बोलून तो गेला. वहिनीने दादाला न सांगता परस्पर आणून दिला, हे कोणी त्याला सांगितलं नाही, आणि आता तो विचारायलाही जाणार नाही. जुन्या घराचा शेवटचा धागा तुटला, आणि तो माझ्या देखत तुटला.

तुम्ही घासाघीस करायच्या बेतात दिसता. खोक्याने भाव वाढतो का, असं दुकानदाराला विचारलंत, तेव्हा तो हो म्हणाला. तो खोटं बोलला नाही, भाव वाढतो. घ्या मला, फक्त कपाटात पुजून ठेवू नका. चाकू कामाला न्या आणि संध्याकाळी पुसून मला परत द्या. हे नाही जमलं तरी माझं एक ऐका. अस्तराच्या कडेला, डाव्या कोपऱ्यात, दुकानदाराच्या नजरेतून सुटलेला पट्टीचा एक चिकट तुकडा राहिलाय. थोरल्याने बांधलेली ती पट्टी. घरी गेल्यावर तुम्ही मला साफ करायला घ्याल, तो तुकडा तुम्हाला दिसेल, आणि हा काही मूळचा नाही म्हणून तुम्ही नखाने उचकटू लागाल. तेवढा काढू नका.