शालनबाईंच्या गोळ्यांची डबी

मी शालनबाईंच्या कमरेला असणारी पत्र्याची डबी बोलतेय. त्यांच्या सासऱ्यांनी चाकणच्या बाजारातून मला तपकिरीसाठी आणलं. ते गेले आणि माझ्यात डोकेदुखीच्या गोळ्या आल्या.

शालनबाई वखारीत कांदे निवडायच्या. उन्हानं डोकं ठणकलं की गोळी घ्यायच्या. आधी कधीमधी, मग रोज; पुढे तर दुखू नये म्हणून सकाळीच. बायका पानाची चंची फिरवावी तशी मला हातोहात फिरवत. "घे गं, कडू हाय म्हून लाजू नगंस!"

हळूहळू सकाळी उठल्यापासूनच डोकं दुखू लागलं. खाडे वाढले. वखारवाला म्हणाला, "असंच चाललं तर दुसरी बाई बघतो." तेव्हा त्या गावातल्या नव्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टर म्हणाले, "बाई, रोज घेऊन घेऊन आता ही गोळीच तुमचं डोकं दुखवतेय. ती सोडा. सुरुवातीला जास्त दुखेल, सोसा. मग उतरेल."

मला माझीच लाज वाटली.

घरी येताच शालनबाईंनी मला सासूच्या, अंबूबाईंच्या, हाती दिलं. "आत्याबाई, मी पाया पडले तरी देऊ नगा."

दुसऱ्याच दिवशी त्या उलट्यांनी गळून गेल्या. डोक्याला फडकं आवळून कण्हू लागल्या. अंबूबाईंना बघवेना. त्यांनी माझं झाकण काढलं, गोळी चुरली आणि गुपचूप गुळाच्या चहात ढवळली.

घटकाभरानं शालनबाई उठून बसल्या. "आत्याबाई, डाक्टर खरं बोलला! बिनगोळीचं थांबलं!"

"व्हय गं माझे बाय," म्हणत अंबूबाईंनी पदरानं डोळे टिपले.

मग रोज चहातून गोळी जाऊ लागली. सरल्या की अंबूबाई वाण्याकडून आणून मला भरत. डोकंही रोज दुखतच राहिलं.

महिना लोटला. एका सकाळी शालनबाईंनी हात पुढे केला. "द्या ती डबी. गोळी सोडूनबी दुखतंयच. डाक्टरचं काय खरं न्हाई. आता जल्मभर हेच."

अंबूबाईंनी मला फडताळातून काढलं. त्यांनी मला देऊन टाकलं.

आता मी पुन्हा शालनबाईंच्या कमरेला आहे. अंबूबाई, पत्र्याला तिच्याशी बोलता येत नाही, तुम्हाला येतं. ती रागावेल, चार दिवस अबोला धरेल, धरू द्या. पण तिनं अजून गोळी सोडलेलीच नाही, एवढं तिला सांगा हो.