कर्कदेचा लाल रंग

मी एक जुना पंप आहे. इजिप्तमधल्या कैरोतल्या एका रुग्णालयात राहतो. मित्रांनो, हृदयाचा उजवा कप्पा थकला की मी त्याचे काम करतो: मोठ्या शिरेतून रक्त ओढायचे आणि फुप्फुसांकडे ढकलायचे. माझी मोटर जुनी. रक्ताला शिवणारा भाग मात्र प्रत्येक रुग्णासाठी नवा.

ऑपरेशननंतर मला दहबला जोडले. ती दूर दक्षिणेकडच्या अस्वानची. हजला जाऊन आलेल्या तिच्या सासूबाई, हज्जा नबरा, मला थोपटून म्हणत, "चाल रे बाबा, माझी सून तुझ्या हवाली."

एका दुपारी दहबचे थोरले काका आले. वडीलधारे आले आणि आपण आडवे? तिला राहवेना. त्यांच्या हाताचे चुंबन घ्यायला ती उठून बसली आणि जांघेतली माझी नळी सरकली.

"अगं, आडवी हो!" परिचारिका इनास धावली.

मला काहीच उमगेना. रक्त कमी येऊ लागले, नळ्या थरथरू लागल्या. इनासने माझा वेग वाढवला. मी जोराने ओढले, तर आणखी कमी आले! माझे तोंड शिरेच्या भिंतीला चिकटत होते, हे मला कसे दिसणार?

लघवीची पिशवी लालसर झाली.

"घाबरतेस काय, पोरी?" हज्जा हसल्या. "सकाळी कर्कदे पाजलंय तिला. एवढं लाल फुलांचं सरबत प्यायल्यावर काय दूध येणार?"

इनासही हसली. मलाही हायसे वाटले. पण दहबचे ओठ पांढरे पडत चालले होते. इनासने थोडे रक्त काढून, पेशी तळाशी बसाव्यात म्हणून, यंत्रात गरगर फिरवले. वर पिवळसर पाणी यायला हवे होते, आले लाल.

"हज्जा, कर्कदेनं रक्तातलं पाणी लाल होत नाही. पेशी फुटतायत!"

डॉक्टरांनी पडद्यावर बघत नळी जागेवर आणली आणि माझा वेग उतरवला. मी हळू फिरलो आणि रक्त भरपूर आले. हे कोडे मला नंतर उमगले: तोंड अडकलेले असताना जोराने ओढले की रक्त कमी येते आणि पेशी फुटतात. ज्या पेशी मी वाहायच्या, त्या मीच फोडत होतो?

दहबचे हृदय सावरले. मला काढायच्या आदल्या दिवशी काका पुन्हा आले. ती हलली तशी ते दारातूनच गरजले, "उठलीस तर याद राख!" मग पांढरी पगडी सावरत वाकले आणि त्यांनीच तिचा हात कपाळाला लावला. "आज मी धाकटा."

मित्रांनो, आजाऱ्याला मानासाठी उठवू नका, तुम्हीच वाका. आणि मी कण्हू लागलो, तर वेग वाढवण्याआधी माझे तोंड कुठे अडकले आहे ते पाहा. मला ते सांगता येत नाही.