‘देऊ’च्या पुढचं

तिला घरीदारी सगळे टकळी म्हणायचे. बोलायला लागली की थांबायची नाही, आणि समोरच्याचं वाक्य कधी त्याला पुरं करू द्यायची नाही. आई म्हणायची, "अगं, माझं बोलणं मला तरी संपवू दे. शेवटचे दोन शब्द तरी माझ्या वाट्याला ठेव!" त्यावर टकळीचं ठरलेलं उत्तर, "आलं ना लक्षात, मग कशाला उगाच वेळ घालवायचा?" आणि खरं सांगायचं तर दहातल्या नऊ वेळा तिच्या बरोबर लक्षात आलेलं असायचं. गोची व्हायची ती दहाव्या वेळेला.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला चाळीस तासांची समाजसेवा सक्तीची होती. कुणी झाडांना आळी करायला गेलं, कुणी वाचनालयातल्या पुस्तकांना कव्हरं घालायला. टकळीने वाचा-उपचार केंद्र निवडलं, कारण ते बसस्टॉपच्या अगदी समोर होतं आणि दारावर कागद लावला होता, ‘बोलायला मदत करणारे विद्यार्थी हवेत’. बोलायला मदत! मैत्रीण म्हणाली, "तुझ्यासाठीच लावलाय गं तो."

केंद्रातल्या मॅडमनी पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला. "शब्द अडला, तर तो त्यांच्या तोंडात कोंबायचा नाही. मनातल्या मनात दहा मोजायचे."

"आणि दहा झाले तरी नाही आला तर?"

"पुन्हा एकपासून."

टकळीने मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय.

तिच्या वाट्याला आले मास्तर. शिंपीकाम करण्यात सगळं आयुष्य गेलेला माणूस. आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात-पाय मंदावले, वाचा गेली. म्हणजे पूर्ण गेली नाही. समजायचं सगळं, डोळ्यांत दिसायचं सगळं, पण शब्द कुठेतरी आत अडकून बसायचे. ‘पाणी’ म्हणायला निघाले की ‘पा’ वर थांबायचे आणि कपाळावर घाम यायचा.

मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार ते पाच, टकळी चित्रांची कार्डं घेऊन त्यांच्या घरी जायची. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मास्तरांची खाट आणि पायथ्याशी पायाने चालवायचं शिवणयंत्र, त्यावर फुलाफुलांचं कापड झाकलेलं. घरात मास्तरांचा मुलगा आणि सून. सुनेला सातवा महिना लागलेला. टकळी तिला वहिनी म्हणायची, मुलाला दादा.

पहिल्या दिवशी टकळी चारपर्यंत मोजू शकली. मास्तर ‘क’ म्हणाले आणि कार्डावर कात्री होती. आता समोर कात्री दिसत असताना गप्प कसं बसायचं? "कात्री!" ती म्हणाली. मास्तरांनी मान हलवली. दुसऱ्या आठवड्यात ती दोनपर्यंतही जाईना. ‘च’ म्हटलं की चहा, ‘खि’ म्हटलं की खिडकी उघडायची. वहिनी तर थक्कच झाली. "आम्हाला आठ महिन्यांत जे कळलं नाही ते तुला कसं गं कळतं? तू तर बाबांचं तोंडच झालीस!"

टकळी घरी आली ती हवेतच. आईला म्हणाली, "बघ, माझ्या तोंडाची कुणालातरी किंमत आहे."

मास्तरांनी किती वेळा नुसतं दमून मान हलवली होती, ते तिने मोजलं नव्हतं.

त्याच सुमाराला कॉलेजात वस्तू गोळा करायचा उपक्रम निघाला. बायकांच्या शिवणवर्गासाठी वापरात नसलेली यंत्रं, कपाटं, टेबलं. समाजसेवेचे सर वर्गात म्हणाले, "जुने टॉवेल आणून माझ्या डोळ्यांत धूळ फेकू नका. काहीतरी घसघशीत आणा." टकळीच्या डोळ्यांपुढे फुलाफुलांचं कापड आलं.

शुक्रवारी तिने सहज विषय काढला. वहिनीने खाटेकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "आम्हीही तोच विचार करतोय गं. बाळाचा पाळणा ठेवायचा कुठे? पण बाबांना विचारायचं कसं? यांची तर हिंमतच होत नाही."

"मी विचारते ना!" टकळी म्हणाली.

दादाही दारात येऊन उभा राहिला. टकळी खाटेजवळ बसली. "मास्तर, तुमचं मशीन नुसतं पडून आहे ना. आमच्या कॉलेजतर्फे शिवणवर्गाला जाईल. बायका शिकतील त्याच्यावर. काय करायचं?"

मास्तरांनी यंत्राकडे पाहिलं. मग मुलाकडे. ओठ हलले. गळ्याची शीर ताठ झाली.

"दे... देऊ..."

"देऊ म्हणतायत!" टकळी टाळी वाजवून उठली. "दादा, ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने म्हणाले!"

मास्तरांचा डावा हात वर आला. दादाने तो दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे भरून आले होते. "किती मोठं मन आहे हो बाबा तुमचं." मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. सरांनी टकळीला यंत्राशेजारी उभं करून तिचा फोटो काढला.

मंगळवारी ती गेली तेव्हा मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने कार्ड पुढे केलं, त्यांनी ते उलटं ठेवलं. दुसरं केलं, तेही उलटं. तासभर त्यांनी एक अक्षर काढलं नाही. यंत्राच्या जागी फरशीवर चार ठसे होते, आणि मास्तर कूस बदलायचे ते फक्त ते ठसे बघायला.

"जेवतही नाहीयेत धड," वहिनी दारात कुजबुजली. "तुला कळतं ना गं त्यांचं? काय झालंय?"

टकळीला पहिल्यांदाच काही कळलं नव्हतं.

ती तशीच केंद्रावर गेली. मॅडम खुर्चीवर पाय वर घेऊन डबा खात होत्या. जेवायला त्यांना तेवढाच वेळ मिळायचा. टकळीने सगळं सांगितलं, म्हणजे मास्तरांचं मन किती मोठं आहे इथपासून.

"ते नेमकं काय म्हणाले?"

"मशीन देऊ म्हणाले."

"‘मशीन देऊ’ म्हणाले, की ‘देऊ’ म्हणाले?"

"देऊ."

"आणि पुढे?"

"पुढे काय? पुढे मी..." टकळी थांबली.

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं. "सांग बरं, ‘देऊ’च्या पुढे काय काय येऊ शकतं?"

"देऊ या," टकळी म्हणाली. "देऊन टाका. देऊ का?" आणि मग, अगदी हळू, "देऊ... नका."

"आपलं हे असं आहे बघ," मॅडम म्हणाल्या. "करू नको, जाऊ नको, देऊ नका. सगळं बोलून झाल्यावर शेवटी कळतं माणूस हो म्हणतोय की नाही. तू शेवटापर्यंत थांबलीच नाहीस."

"पण कदाचित त्यांना द्यायचंच असेल."

"असेलही. मला काय माहीत? तुलाही माहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते भिंतीकडे तोंड करून पडलेत."

टकळी परत गेली तेव्हा सहा वाजायला आले होते. वाटेत तिला एकदोनदा वाटलं, जाऊ दे, उरलेले तास केंद्रावरच भरता येतील. पण पाय वळले नाहीत. वहिनीने दार उघडलं. तिला काही न सांगता टकळी खाटेशी जाऊन बसली. कार्डं पिशवीतच राहू दिली.

"मास्तर, माझं चुकलं. तुमचं वाक्य मी मध्येच तोडलं. आता तुम्ही बोला. मी तोंड उघडणार नाही."

वहिनी काही बोलायला गेली, टकळीने हात वर करून तिला थांबवलं. मग मास्तर वळले. ओठ हलले. टकळीने मोजायला सुरुवात केली.

"देऊ..."

दहा झाले. पुन्हा एकपासून. तिच्या जिभेवर शब्द येऊन उभा राहिला, तिने तो दातांखाली धरला. वीस. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला, पुसावासा वाटला, तिने हात मांडीखाली दाबून धरले. तीस. इतका वेळ तिने आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. एवढ्या वेळात माणसाच्या चेहऱ्यावर किती काय चालतं, हेही तिने कधी पाहिलं नव्हतं. जणू आत कुणीतरी अंधाऱ्या कपाटात चाचपडून एकच बटण शोधत होतं. एकेचाळीस, बेचाळीस.

"न... नका."

वहिनी मटकन खुर्चीत बसली. "अगं बाई! आणि आम्ही..."

पण मास्तर थांबले नव्हते. "पँ... पँट."

टकळी मोजायला लागली. पुन्हा एकपासून.

"वॉच... मन."

"वॉचमनची पँट?" वहिनी म्हणाली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. मास्तरांनी मान हलवली. या वेळी ती दमलेली मान नव्हती. डोक्यापासून खांद्यापर्यंत, तीनदा हलली.

संध्याकाळी दादा आला तेव्हा टकळीने त्याला उभ्याउभ्याच सांगितलं. तो एकदम भडकला. "म्हणजे मी त्यांचा हात धरून मोठं मन, मोठं मन करत होतो, आणि ते नाही म्हणत होते?"

"हो," टकळी म्हणाली. "पण तुम्ही मला विचारलंत, आणि मी सांगितलं. चूक माझी."

दादा जाऊन खाटेच्या कडेवर बसला.

दुसऱ्या दिवशी ती सरांसमोर. सरांच्या टेबलावर छापून आलेली यादी होती, शनिवारी वस्तू द्यायचा कार्यक्रम होता आणि पहिल्या नंबरवर होतं शिवणयंत्र.

"दिलेली वस्तू परत मागायची? बरं दिसतं का ते?"

"दिलेली नाहीये सर. मीच देऊन टाकली. त्यांची."

सरांनी चष्मा काढला. "म्हातारी माणसं असतात गं. आज एक म्हणतात, उद्या..."

टकळी गप्प राहिली. सर वाट बघत होते की ती नेहमीसारखं मध्येच काहीतरी बोलेल, म्हणजे तो विषय तिथेच मिटेल. ती बोलली नाही. उद्या काय म्हणतात ते सरांना सांगता येईना. शेवटी ते किल्ली घेऊन उठले.

कोठीघरात खुर्च्यांच्या गर्दीत यंत्र उभं होतं. टकळीने बाजूचा खण ओढला. आत एक निळी पँट घडी करून ठेवलेली. एक पाय शिवून झालेला, दुसऱ्याची तळपट्टी नुसती दुमडून टाचण्या लावलेली. टाचण्यांना गंज चढला होता. घडीत एक चिठ्ठी होती, ठसठशीत अक्षरात. ‘वॉचमन. दीड इंच कमी. शुक्रवारी द्यायची.’

सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग जिथून काढली होती तिथेच ठेवली आणि खण नीट लावला. "टेम्पोवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे," ते म्हणाले.

यंत्र परत आलं ते आपल्या चार ठशांवर. मास्तरांना उठवून स्टुलावर बसवायला दादा आणि टकळी दोघं लागली, वहिनीने स्टूल धरून ठेवलं. डावा पाय पायडलवर, डावा हात कापडावर. उजवा हात त्यांनी स्वतःच उचलून पँटवर ठेवला, वजन म्हणून. चाक फिरवायचं काम टकळीचं. पहिल्या टाक्यांना दोरा तुटला. दुसऱ्यांदाही तुटला. टकळीच्या मनात वीस सूचना आल्या, त्यातली एकही बाहेर पडली नाही.

"थांब," मास्तर म्हणाले. एकदम, न अडता. तिघंही त्यांच्याकडे बघतच राहिली. त्यांनी दोरा नव्याने ओवला. सुईच्या भोकात तो सातव्या खेपेला गेला. मान खाली घालून ते म्हणाले, "हं."

चार बोटं शिवण घालायला पाऊण तास लागला. शिवण एका जागी नागमोडी झाली. मास्तरांनी ती नखाने उसवली आणि पुन्हा घातली.

शुक्रवारी वॉचमनला बोलावलं. तो बिचारा ओशाळला. "अहो मास्तर, त्या पँटीचं मी नावसुद्धा काढलं नव्हतं. आता ही कंबरेत बसणार नाही मला. तिकडे ड्यूटी बसून, इकडे पोट वाढून!"

मास्तरांचे ओठ हलले. वॉचमन घाईने म्हणाला, "पैसे ना? आत्ता..."

"शू!" वहिनी आणि टकळी एकदमच म्हणाल्या.

खोलीत सगळे उभे राहिले, वॉचमनसुद्धा, हातात पँट धरून. कितीतरी वेळाने मास्तर म्हणाले, "ढि... ढिली... करतो." आणि डाव्या हाताने मोजपट्टी मागितली.

पाळणा पुढच्या महिन्यात आला. तो यंत्राला खेटून बसला. आता खाटेकडे जायला तिरकं होऊन जावं लागतं, आणि वहिनीला तर तेही जमत नाही. ती लांबूनच बोलते. यंत्राच्या फळीवर बाळाच्या कपड्यांची चळत असते. मास्तरांना शिवायचं असलं की ती खाटेवर ठेवायची आणि झालं की परत.

वर्ष संपताना समाजसेवेचा फॉर्म भरायचा होता. शेवटी तीन रेघा होत्या, ‘या उपक्रमातून काय शिकलात?’ मैत्रिणींनी त्या तिन्ही रेघा भरून खाली जास्तीचा कागद जोडला होता. टकळीने पहिल्याच आठवड्यात पेन्सिलीने काहीतरी लिहून ठेवलं होतं, त्यात ‘सहानुभूती’ दोनदा आली होती. तिने ते खोडरबराने पुसलं आणि लिहिलं, ‘आपल्या भाषेत "नका" शेवटी येतं.’

सरांनी फॉर्म हातात घेतला. वाचला. पुन्हा वाचला. "दोन रेघा रिकाम्या आहेत."

"हो सर."

सर पेनाचं टोपण काढून यादीत तिचा नंबर शोधू लागले. "हे असं बघ, एवढ्यावर चालणार..." आणि तेवढ्यात पेन लिहीना, म्हणून ते झटकायला लागले.

टकळी टेबलासमोर उभी होती. तिने तोंड उघडलं नाही. मोजायला सुरुवात केली.