गेरूची पाल

कर्जतच्या शाळेतल्या ताम्हणे मास्तरांना पालींचा नाद कसा लागला, हे खुद्द त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. माणसाला नाद असावा. कुणाला बैलांचा असतो, कुणाला भजनाचा, कुणाला दुसऱ्याच्या भानगडींचा. हे सगळे नाद गावाला समजतात. पण पाल चुकचुकली की गाव ‘कृष्ण कृष्ण’ म्हणून जमिनीवर बोट वाजवायचं, आणि मास्तर धोतर खोचून, भिंग घेऊन स्टुलावर चढायचे. अशा माणसाला काय म्हणावं?

मास्तरांची इच्छा तशी साधी होती. कुठल्याही पुस्तकात नाव नसलेली एखादी पाल आपल्या हातून जगापुढे यावी, बस्स. मुंबईच्या एका संग्रहालयात डॉक्टर वाच्छा नावाचे पारशी गृहस्थ होते. पाली, सरडे, सापसुरळ्या यांच्या जाती ठरवणं हेच त्यांचं काम. मास्तर त्यांना स्पिरिटात बुडवलेल्या पाली पाठवायचे आणि ते नेमाने कळवायचे की ही आमच्या ओळखीची आहे, आणि हीसुद्धा.

गेल्या दिवाळीत मात्र मास्तरांना त्यांच्याच गोठ्यात लालभडक पाठीची पाल सापडली. मास्तरांचा आनंद गगनात मावेना. पाल बाटलीत घालून मुंबईला गेली आणि इकडे आळीत पेढे वाटले गेले. उत्तर आलं ते उघड्या कार्डावर. ‘बाटलीतलं स्पिरिट तांबडं झालं आहे आणि पाल पांढरी. पाल घरातली आहे, रंग गेरूचा आहे. दोन्ही उत्तम.’

झालं होतं असं की दिवाळीसाठी मास्तरांच्या बायकोने, गौराबाईंनी, गोठ्याच्या भिंतीला गेरू लावला होता आणि ही बया त्यात लोळून निघाली होती. टपालवाल्या विठूने कार्ड मास्तरांच्या हाती देण्याआधी वाचलं, आणि विठूने वाचलं म्हणजे दहिवलीपर्यंत सगळ्यांनी वाचलं. त्या दिवसापासून ताम्हणे मास्तरांचे गेरूमास्तर झाले. गौराबाई तर पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “गेरू माझा, पाल भिंतीची आणि शोध तुमचा!” मास्तर हसले, पण ते हसू ओठांवरचं होतं. लोकांच्या हसण्यापेक्षा वाच्छांच्या हसण्याने त्यांना फार लागलं होतं.

आणि दैव पाहा कसं खोडकर. वैशाखात सुट्टी लागली आणि पळसदरीच्या वरच्या अंगाला, ठाकरवाडीजवळच्या काळ्या कातळावर, मास्तरांना भरदुपारी एक पाल दिसली. बोटभर लांब. घरातल्या पालीच्या बोटांना खाली गाद्या असतात, हिच्या बोटांना नव्हत्या. पाखराच्या पायासारखी बारीक, सांध्यांत मोडलेली बोटं. डोळ्यातली बाहुली उभी चिरीसारखी नव्हे, चक्क गोल. गळा हळदीसारखा पिवळा. आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत तांबडा पट्टा. अगदी गेरूचा!

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मास्तरांनी पाल धरली आणि सगळ्यात आधी काय केलं असेल, तर ओलं फडकं घेऊन तिची पाठ खसाखसा पुसली. रंग गेला नाही. शेपूट गेली. पालीने ती तोडून त्यांच्या हातावर ठेवली आणि शेपूट वळवळत कातळाच्या फटीत पडली. पाल तेवढी राहिली.

तीच मुंबईला पाठवली. पण बाटली मुंबईला पोचेपर्यंत स्पिरिटाने तिचा रंग उतरवला. या वेळी वाच्छांनी बंद पाकिटातून उत्तर धाडलं, एवढी दया केली. बोटं आणि डोळे पाहून ते चकित झाले होते. मुंबईतल्या कुठल्याच पालीशी ही जुळत नव्हती. ‘पण ही मादी आहे आणि शेपूट नाही. नर पाहिजे, शेपटीसकट, ताजा. आणि राग मानू नका, तुमच्या रंगावर माझा विश्वास नाही. रविवारी सकाळच्या गाडीने मी पुण्याचं काम उरकून तसाच पुढे कलकत्त्याला जातो आहे. हिंदुस्थानभरच्या पाली तिथे बाटल्यांत आहेत, ताडून पाहता येईल. पुन्हा असं जाणं माझ्या वयात होईलसं वाटत नाही. घाटासाठी मागे इंजिनं जोडतात तेवढा वेळ गाडी कर्जतला उभी असते. तेवढ्यात आणून दाखवा.’

पत्र आलं शुक्रवारी. शनिवारी सकाळीच मास्तर ठाकरवाडीत हजर झाले.

वाडीतलं शेवटचं घर आवडीचं. घराची मागची बाजू कातळालाच टेकलेली, त्यामुळे पाली म्हणजे तिचा शेजार. मास्तरांनी आपलं काम सांगितलं तशी आवडी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “शेपटीच बगायची आसंल तर आमच्या बैलाची बगा की मास्तर! चांगली लांब हाय.”

तिचा नवरा चांगो मात्र कामाला लागला. खेकडे धरण्यात त्याचा हात धरणारा वाडीत कुणी नव्हता. त्याने कातळावर एका नराला हेरलं, दबकत गेला, झडप घातली आणि मोठ्या ऐटीत मूठ उघडली. मुठीत शेपूट वळवळत होती.

“अर्दी तरी गावली,” चांगो म्हणाला.

दिवसभरात अशा बऱ्याच अर्ध्या गावल्या. मास्तरांनी स्वतः झडपा घालून कोपरं सोलून घेतली. संध्याकाळी घरी आले तेव्हा गौराबाईंनी काही विचारलं नाही. नुसतं खोबरेल तेल आणून समोर ठेवलं. त्या न विचारण्यानेच मास्तरांना भडभडून आलं. उद्या पाल मिळाली नाही तर आपण जन्मभर गेरूमास्तरच, हे त्यांना लख्ख कळलं होतं.

रविवारी उजाडताच ते पुन्हा कातळाखाली उभे. आवडी दारात केस विंचरत बसली होती. ती म्हणाली, “झडप घाटली का ती श्येपूट टाकनारच. होल्या पाखराला लावत्यात तसा फास लावा.”

“लावला असता गं, पण दोरा पाहून पळते ती.”

“दोरा कशाला?” आवडीने फणीत अडकलेला एक लांबसडक केस ओढून काढला. “ह्यो घ्या. ह्या क्येसानं चांगोला आजवर बांदून ठेवलाय, पालीचं काय घेऊन बसलाव!”

चांगो आतून काहीतरी पुटपुटला. मास्तरांनी लांब गवताची काडी घेतली, टोकाला केसाचा फास केला आणि ते कातळावर पालथे पडले. ऊन चढत होतं, कातळ तापत होता, नाकावर मुंगी चढली होती. मास्तर हलले नाहीत. फटीतून आधी पिवळा गळा दिसला, मग ती गोल काळी बाहुली. डोकं चांगलं थोराड. नर होता. त्याने काडीकडे पाहिलं, डोकं वर-खाली केलं आणि जणू मास्तरांची कीव येऊन स्वतःच मान पुढे काढली. मास्तरांनी हलकेच काडी उचलली.

पाल हवेत लोंबत होती, शेपटीसकट!

मास्तर नाचले. होय, शाळेतल्या पोरांना छडी दाखवणारे ताम्हणे मास्तर ठाकरवाडीत एका पायावर नाचले. आणि दुसरा पाय लागला झोळीला. झोळीतली स्पिरिटची बाटली घरंगळत गेली आणि खालच्या धोंड्यावर तिच्या ठिकऱ्या झाल्या.

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. फडक्यात गुंडाळून जिवंत न्यावी, तर कर्जत येईतो शेपूट टाकून मोकळी होईल. घरी जाऊन दुसरं स्पिरिट आणावं, तर गाडी काही मास्तरांसाठी थांबणार नव्हती. आवडीने एकवार त्यांच्याकडे पाहिलं, घरात गेली आणि एक बाटली घेऊन बाहेर आली. बुचाला चिंधी होती.

“हे काय गं?”

“आवशीद हाय.”

“कशावरचं?”

“समद्यावरचं,” आवडी म्हणाली. “यंदाच्या मोहाचं. पयल्या धारंचं हाय, ह्यात जाईल ती सुखानं जाईल.”

घरी मोहाची काढणं हा सरकारी गुन्हा, हे मास्तर पोरांना नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवत. त्यांनी क्षणभर सरकारचा विचार केला, मग पालीचा केला. पाल बाटलीत गेली, तिने एकदा तोंड उघडलं आणि शांत झाली. मास्तर धोतर सावरत उतारावरून पळत सुटले. चिंधीचं बूच ते कितीसं दम धरणार? स्टेशन येईपर्यंत पालीच्या वाट्याची थोडी त्यांच्या सदऱ्याने घेतली होती.

गाडी उभी होती. मागे इंजिनं जोडण्याची खणखण चालू होती. मास्तर फलाटावर शिरले आणि समोर कोण, तर आबकारीचा नागू जमादार. त्याने नाक वर केलं आणि मास्तरांचा दंड धरला.

“मास्तर? तुमीसुद्दा?”

“जमादार, सोडा! औषध आहे. म्हणजे, पाल आहे!”

जमादाराने बाटली ओढून घेतली, बूच काढलं आणि डोळे मिटून वास घेतला. “मोहाची. यंदाच्या फुलांची. मडक्यातली. पळसदरीच्या वरची.” मास्तर घाबरले होते तरी मनात म्हणाले, वा! जात ओळखावी तर अशी. आणि तो नुसत्या नाकाने ओळखतो.

तेवढ्यात खिडकीतून एक उंच पारशी टोपी बाहेर आली. “मास्तर! तुमचा पाल कुठे हाय?”

“तुरुंगात चालली आहे, डॉक्टरसाहेब!” मास्तर रडकुंडीला येऊन ओरडले.

वाच्छांनी बाटलीतला लोंबता जीव पाहिला आणि सगळं ओळखलं. “जमादारसाहेब, दारू सरकारचा, पाल आमचा. पाल देऊन टाका नी.”

“पुराव्याला हात लावता येत नाय साहेब. पंचनामा होनार. पंच चव बगनार, मग...” जमादार बोलता बोलता थांबला. त्याने बाटली उजेडात धरली. तळाशी पाल पांढरं पोट वर करून पडली होती. बघे जमले होते. पाल पडलेल्या दुधाने अख्खं घर आडवं होतं, असं लहानपणापासून ऐकत आलेली माणसं ती. जमादाराची नजर ज्याच्याकडे वळे तो एक पाऊल मागे सरकत होता.

“कोन हाय पंच व्हायला?” जमादाराने विचारलं.

फलाटावर एकदम सगळ्यांना आपापली कामं आठवली.

जमादाराने मोठा सुस्कारा सोडला. एवढी पहिल्या धारेची! त्याने पाल मास्तरांच्या हातावर ओतली आणि उरलेली रुळांत रिकामी केली. ओतताना त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

मास्तर खिडकीकडे धावले. वाच्छांनी पाल तळहातावर घेतली, खिशातून भिंग काढलं. बोटं पाहिली. मांडीखाली नराला असते ती बारीक ठिपक्यांची रांग पाहिली. शेपूट टोकापर्यंत पाहिली. मग पाठीवरच्या तांबड्या पट्ट्यावर भिंग थांबलं आणि त्यांनी चष्म्यावरून मास्तरांकडे बघितलं.

“मास्तर, घरी गेरू लावला काय?”

मास्तरांनी जोरजोराने नकाराची मान हलवली. शिट्टी झाली. मागच्या इंजिनांनी धक्का दिला आणि गाडी हलली. वाच्छांनी पिशवीतून सरकारी शिक्क्याची, पाण्यासारख्या जिनची बाटली काढली, कोटाच्या खिशातला रुमाल तिच्यात भिजवला आणि पालीची पाठ पुसायला सुरुवात केली. मास्तर खिडकीबरोबर चालू लागले, मग पळू लागले. फलाट संपला तसे ते कठड्याला धरून थांबले. खिडकी पुढे गेली. मास्तरांचे डोळे तिच्यावरून हलले नाहीत.

पुढे कलकत्त्याने ती पाल नवी ठरवली. पळसदरीच्या नावावरून तिला लांबलचक लॅटिन नाव मिळालं आणि छापील कागदावर शोधकाच्या जागी ताम्हण्यांचं नाव आलं. गौराबाईंनी या खेपेला पेढे स्वतः केले. मास्तरांनी ते आधी आवडीला नेऊन दिले, मग चांगोला, आणि शिल्लक होते त्यातले दोन नागू जमादारालाही. पण हे सगळं नंतरचं. मास्तरांना विचाराल तर ते सांगतील की पाल ठरली ती त्या रविवारीच.

कारण गाडी वळणाला लागली तेव्हा खिडकीतून एक हात बाहेर आला. हातात उघडलेला रुमाल होता. कडक उन्हात तो फडफडत होता. त्याच्यावर तांबडा ठिपकासुद्धा नव्हता.

पळत मागे आलेला विठू टपालवाला म्हणाला, “भला मानूस दिसतोय. एवडा येळ रुमाल हालवून निरोप घेतोय.”

मास्तरांनी मोहाचा वास मारणाऱ्या सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. “विठू,” ते म्हणाले, “पांढरा आहे रे! पांढराशुभ्र आहे!”